न उलटलेलं पान

परवा मुलुंडच्या बाजारात मेथी मागितली, तर भाजीवाला म्हणाला, "मावशी, चोमासू बसलं ना कालपासून. आता मेथी कमीच आणतो. आमच्या लाइनीला अर्धं गिऱ्हाईक जैन." मी दुधी घेतला आणि हसतच घरी आले. नातीने विचारलं, "दुधीला कोण हसतं, आजी?" तिला काय सांगणार? आषाढात मेथी बाजारातून गायब झाली की लहानपणी माझ्या घरी सण सुरू व्हायचा.

माझी आई घाटकोपरला भाजी विकायची. सरूबाई तिचं नाव. टेकडीवर आमची चाळ होती. खाली स्टेशनकडे जाणाऱ्या गल्ल्यांत गुजराती-जैनांच्या इमारती होत्या आणि त्या इमारतींचे जिने म्हणजे आईची पेठ. आठ महिने तिच्या पाटीत मेथी, चवळी, लाल माठ असायचा. पालेभाजीचा स्वभाव असा की संध्याकाळपर्यंत विकली नाही तर मेली. त्यामुळे शेवटची जुडी जाईपर्यंत आई घरी यायची नाही. चोमासू, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, बसलं की जैन घरांत पालेभाजी बंद. पावसात पानाआड जीवजंतू असतात, ते पोटात जायला नकोत म्हणून. मग आईच्या पाटीत दुधी, तोंडली, घोसाळी, काकड्या यायच्या. डोक्यावरचं ओझं दुप्पट व्हायचं, पण दुधी काही रातोरात मरत नाही. उरला तर उद्या विकता येतो. म्हणून चार महिने आई दिवेलागणीच्या आत घरी असायची. एका अळीला जीवदान मिळावं म्हणून कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी नियम केला आणि त्यामुळे घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका पोरीला तिची आई संध्याकाळी मिळाली.

मध्यंतरी एका सभागृहात पौर्वात्य तत्त्वज्ञानाचा समाजावरचा प्रभाव असल्या भारदस्त विषयावर व्याख्यान ऐकलं. वक्ते विद्वान होते, पाणी पीत पीत छान बोलले. पण दीड तासात भाजीच्या पाटीचा एकदाही उल्लेख आला नाही. मला राहून राहून वाटत होतं, उठावं आणि म्हणावं, सर, प्रभाव बघायचा तर आषाढात बाजारात या.

लवकर घरी आलेली आई हातपाय धुऊन पांढरी साडी नेसायची आणि आम्ही विहारात जायचो. आमचंही चोमासूच असायचं ते, फक्त नाव वर्षावास. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा, तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन. विहार म्हणजे चाळीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधलेली एक खोली. वर पत्रे. समोरच्या भिंतीवर दोनच तसबिरी. एकीतले डोळे मिटून बसलेले, दुसरीतले चष्म्यातून थेट आपल्याकडे बघणारे. लहानपणी मला वाटायचं, पहिले म्हणतात शांत बस आणि दुसरे म्हणतात अभ्यास झाला का?

वर्षावासाची गोष्ट मी तिथेच ऐकली. पूर्वी भिक्खू पावसाळ्यातही गावोगाव फिरायचे. लोक नावं ठेवायला लागले. म्हणाले, पाखरंसुद्धा पावसात घरट्यात बसतात आणि हे करुणेचे उपदेश करणारे कोवळं गवत तुडवत, किडामुंगी चिरडत कसले हिंडतात? ही कुरबुर बुद्धांच्या कानावर गेली आणि नियम झाला, पावसाळ्यात एका जागी थांबायचं. मला या गोष्टीचा आजही अभिमान वाटतो. कुणा साध्या शेतकऱ्याने, कुणा गुराख्याने तक्रार केली आणि धर्म बदलला. तिथे कुणी म्हणालं नाही की तू कोण सांगणारा.

आणि थांबायचं ठरवणारे एकटे आम्हीच नव्हतो. खाली जैन साध्वी उपाश्रयात चार महिने मुक्काम करायच्या आणि बायका रोज सकाळी त्यांचं व्याख्यान ऐकायला जायच्या. आमच्या चाळीतले देवगडचे हिंदू शेजारी श्रावणभर मासळी शिवायचे नाहीत. त्यांच्या घरातून महिनाभर नुसता आमटीचा वास यायचा आणि त्यांचं मांजर आमच्या दारात येऊन बसायचं. एकाच पावसाने तिघांना तीन तऱ्हेने थांबवलं होतं.

जसुबेन ही आईची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. दुसऱ्या मजल्यावर राहायची. जाड, गोरी, गुडघ्यांना कंटाळलेली. पर्युषणाच्या शेवटी जैन लोक एकमेकांची क्षमा मागतात, तेव्हा ती जिन्यावर येऊन चक्क आईपुढेही हात जोडायची. "सरुबेन, वरसभरमां काही वाईट बोलले असेन तर माफ करजो हां." पहिल्यांदा आई इतकी गांगरली की पाटी खाली ठेवायची विसरली. घरी येऊन वडिलांना म्हणाली, "काय बोलायचं त्यावर? मी म्हटलं, तुम्ही माझ्या दुधीला जून म्हणाला होता, तेवढंच." त्याच इमारतीत अशीही दारं होती जिथे भाजी घेताना हाताला हात लागू नये म्हणून पिशवी लांबून धरायचे. मुंगी वाचवणारा माणूस कधीकधी समोरच्या माणसाला विसरतो, हेही मी त्याच जिन्यावर शिकले. ते विसरलेले नाही. पण जसुबेनलाही विसरलेले नाही.

मी सहावीत होते त्या वर्षीच्या वर्षावासाची ही आठवण.

विहारात वाचायचे कांबळे बाबा. कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. आई अगदी पुढे बसायची आणि ते वाचत असताना तिचे ओठ हलत असायचे. वर्षानुवर्षं तोच ग्रंथ ऐकून तिला तो इतका मुरला होता की बाबांच्या आधी ओळ तिच्या ओठांवर यायची. त्यावरून सगळ्या चाळीने एक समजूत करून घेतली होती, की सरूवहिनी घरी वाचून येतात. आईने ती समजूत कधी मोडली नाही. कशाला मोडेल? आवडत होती तिला. खरं काय ते वडिलांना आणि मला माहीत होतं. आईला अक्षरओळख नव्हती. माझ्या प्रगतिपुस्तकावर ती अंगठा उठवायची, तोही घाईघाईने, मी वर्गात दाखवताना तो हाताने झाकते हे तिला ठाऊक असल्यासारखा.

अश्विन पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली आणि कांबळे बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच धूसर दिसायचं. वाचन बंद. वाचता येणारी तरणी मुलं सगळी सेकंड शिफ्टला. विहारात चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "एवढं काय त्यात? सरूवहिनी वाचतील की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल. ती म्हणाली, "बरं."

घरी येताना मी तिचा पदर ओढला. "आई, काय बोलून बसलीस तू?"

"ओरडू नको गो. वर्षावास मोडायचा नाय. शेवटचा भाग मला येतो सगळा."

"आणि मध्येच विसरलीस तर?"

"तू रोज दुपारी मला वाचून दाखव. मोठ्यानं. दोनदा."

मग शाळेतून आले की मी वाचायची आणि आई तोंडली निवडत ऐकायची. तिसऱ्यांदा ती मला म्हणून दाखवायची, शब्दाला शब्द. मला अजून सात-आठचा पाढा धड येत नव्हता. प्रश्न उरला पान उलटण्याचा. पान कुठे संपतं हे तिला कसं कळणार? त्यावर युक्ती मीच काढली, आणि तेव्हा मला ती फार झकास वाटली होती. मी तिच्या शेजारी बसायचं, पानावर नजर ठेवायची आणि पान संपलं की खोकायचं.

पाच दिवस मी खोकले. बायका आईला म्हणाल्या, "पोरीला काढा द्या हो!" आईचं वाचन मात्र बहरलं होतं. बाबा वाचायचे तेव्हा खणखणीत वाटायचं. आई वाचायची तेव्हा घरात कुणीतरी काही सांगतंय असं वाटायचं. सहाव्या दिवशी बुद्धांच्या शेवटच्या प्रवासाचा भाग आला. म्हातारं झालेलं शरीर, थकलेले पाय आणि तरीही चालणं. शेजारी बसलेला शिष्य रडतो आणि बुद्ध त्याची समजूत घालतात. आईचा आवाज बारीक झाला. पत्र्यावर पाऊस वाजत होता, विहारात कुणी हलत नव्हतं, आणि मी आईच्या तोंडाकडे बघत राहिले. खोकायचं राहूनच गेलं. आई बोलत राहिली. पान एक, दोन, बहुधा तीनही संपली असतील. ग्रंथ तसाच उघडा. माझ्या ध्यानात आलं तेव्हा ती शेवटच्या ओळीवर होती. लोकांनी रीतीप्रमाणे तीनदा साधू, म्हणजे उत्तम, असं म्हटलं, डोळे पुसले आणि चपला शोधायला लागले. कुणाला काही कळलं नाही. निदान आम्हाला तसं वाटलं. कांबळे बाबा डोळ्यावर पट्टी बांधून भिंतीला टेकून बसले होते, ते तेवढे उठायला जरा वेळ लावत होते.

एवढ्यावर निभावलं असतं. पण दोन दिवसांनी शेजारची इंदू आली. नवीन लग्न झालेली, नवरा कामावर गेलेला. हातात गावाहून आलेलं आंतर्देशीय पत्र. "वहिनी, एवढं वाचून द्या ना." रोज ग्रंथ वाचणाऱ्या बाईला ती दुसरं काय म्हणणार? आईने पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "भाजी लावते गो, दुपारी सांगते." मी शाळेतून येईपर्यंत पत्र आईच्या उशाखाली होतं. मी वाचलं. इंदूच्या आईला बरं नव्हतं, लगेच बोलावलं होतं. सकाळची एसटी केव्हाच सुटली होती. इंदू दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेली. तिची आई सुखरूप होती, चार दिवसांत उठून बसली, हे आम्हाला नंतर कळलं. पण त्या दिवशी आई जेवली नाही. वडील म्हणाले, "अगं, तुझ्यामुळे काय झालंय का?" आई म्हणाली, "एक दिवस गेला ना तिचा. तो कुणामुळे गेला?"

पौर्णिमेच्या दिवशी इंदू परत आलेली होती. विहारात खिरीचं पातेलं मागे झाकून ठेवलं होतं. विक्रोळीच्या विहारात वर्षावासाला राहिलेले भंते तिकडचं आटोपून संध्याकाळी आमच्याकडे आले. त्यांनी पवारणा म्हणजे काय ते सांगितलं. तीन महिने एकत्र राहिल्यावर शेवटच्या दिवशी भिक्खू एकमेकांना विनवतात, की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी कृपा करून सांगा, मी सुधारीन. सगळ्यात थोर भिक्खूसुद्धा असंच विचारतो. "मोठेपणा कशात आहे?" भंते म्हणाले. "चूक न होण्यात नाही. विचारण्यात आहे."

ते पुढच्या वाक्यावर जाणार, तोच आई उभी राहिली.

पांढऱ्या साडीचा पदर तिने दोन्ही हातांनी धरला होता. म्हणाली, "मला वाचता येत नाय. मी पंधरा दिवस वाचलं नाय, पाठ म्हटलं. पोरगी खोकायची तेव्हा पान उलटायची. इंदू, तुझं पत्र मी दाबून ठेवलं. माझं चुकलं."

माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. इतक्या लोकांपुढे! मला तेव्हा आईचा राग आला होता हे कबूल करते. अभिमान नंतर आला, आणि मग मात्र तो कधी गेला नाही.

पहिले बोलले कांबळे बाबा. "मला सहाव्या दिवशीच कळलं होतं. त्या भागात तीन पानं आहेत. एकदाही उलटल्याचा आवाज आला नाय."

"मग बोलला का नाय, बाबा?" आईने विचारलं.

"ऐकत होतो ना."

भंते हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. लिहून ठेवण्याआधी कित्येक वर्षं हा धम्म असाच माणसांच्या तोंडी होता. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने ऐकून लक्षात ठेवायचं. तुम्ही त्या परंपरेतल्याच." लोकांना बरं वाटलं. कुणी साधूही म्हणालं. दुसरी कुणी बाई असती तर तेवढ्यावर सुखाने खाली बसली असती. आईने भिंतीवरच्या चष्म्यातल्या तसबिरीकडे बघितलं आणि म्हणाली, "ते खरं असेल, भंतेजी. पण ह्यांनी आम्हाला पाठ करा नाय सांगितलं. शिका सांगितलं."

आज इतक्या वर्षांनी मी विचार करते तेव्हा वाटतं, दोघंही बरोबर होते. या मातीतल्या धर्मांनी माणसाला ऐकायला शिकवलं, आठवायला शिकवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या ते तोंडातून तोंडात सांभाळलं. आणि याच मातीत कितीएकांना शतकानुशतकं अक्षराच्या जवळ फिरकू दिलं नाही. आईच्या अंगात दोन्ही होतं. स्मरणशक्ती होती ती त्या पहिल्या गोष्टीची, आणि अंगठा होता तो दुसरीचा. तिने एकीचा अभिमान धरला आणि दुसरी स्वीकारायचं नाकारलं.

दिवाळीनंतर ज्ञानपंचमी आली. जैन घरांत त्या दिवशी पुस्तकांची, वह्यांची पूजा करतात. आईने जसुबेनला सगळं सांगून टाकलं होतं. ती कुणाला काय सांगेल याचा आता नेमच राहिला नव्हता. जसुबेन आतून एक दुरेघी वही आणि पेन्सिल घेऊन आली, दोन्हींना कुंकू लावलेलं. "ले सरुबेन. आज ज्ञान देवानो दिवस. मी चार चोपडी, चौथीपर्यंत शिकले, तू पाच शीख." तिने वही पाटीत टाकली नाही. आईचा हात धरून तळव्यावर ठेवली. मी त्या दिवशी सोबत होते, म्हणून खात्रीने सांगते.

ते वर्ष मी मास्तरीण होते, आणि कडक होते. आईने तोंडल्यातला तों आधी शिकला, मग अ. "अ कशाला पाहिजे? अननस कोण घेतो माझ्याकडून?" म्हणायची. इंदू पौर्णिमेपासून आमच्याकडे आली नव्हती. आईचं शिकणं सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी लिहायची पाटी घेऊन आली आणि आईशेजारी बसली. म्हणाली, "वहिनी, मलापण शिकवा, म्हणजे पत्र कुणाच्या उशाखाली जाणार नाय." आई तिला शिकवायला निघाली, तेव्हा तिला स्वतःला क ते ज्ञ पूर्ण येत नव्हतं. दोघी मिळून मला भंडावून सोडायच्या. पुढच्या परीक्षेच्या प्रगतिपुस्तकावर आईने सही केली. रेघेच्या बाहेर गेलेली, तिरकी, दीड इंच. ती मी वर्गात हाताने झाकली नाही.

पुन्हा आषाढ आला, पुन्हा मेथी गेली, पुन्हा आई लवकर घरी यायला लागली. कांबळे बाबा आता बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून वाचत होते. अश्विन पौर्णिमेला त्यांनी ग्रंथ आईपुढे सरकवला. "आज तू वाच."

आई वाचायला लागली. खरं सांगायचं तर फार वाईट वाचलं तिने. मागच्या वर्षी जो भाग ऐकून लोक रडले होते, तोच भाग आता ती बोट ठेवून, जोडाक्षरापाशी अडखळत, श्वास घेत वाचत होती. पाठ असलेलं तिच्या ओठांवर यायचं आणि ती ते परत गिळायची, कारण बोट अजून तिथे पोचलेलं नसायचं. खीर गार झाली. दोन लहान मुलं झोपली. आणि मग आईने अंगठ्याने पान उलटलं. कुणी खोकलं नाही. तो आवाज सगळ्या विहाराने ऐकला, कारण सगळा विहार त्याचीच वाट बघत होता. तोच अंगठा. माझ्या प्रगतिपुस्तकावरचा.

वाचन संपल्यावर आईने हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून म्हणाली, "माझ्या वाचण्यात कुणाला काही चूक दिसली असेल, शंका आली असेल, तर सांगा."

कोण चूक काढणार? इंदू डोळे पुसत होती. मी शेजारीच होते आणि वर्षभराची सवय म्हणून पानावर माझं लक्ष होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, दुसऱ्या पानावरची एक ओळ सुटली."

लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विहारात चपला घालून शिरले होते. वडील कुजबुजले, "गप बस की!" पण कांबळे बाबा मोठ्याने हसले. "सुटली ना? मग झाली ती वाचणारी. पाठ म्हणणाऱ्याची ओळ सुटत नाय. वाचणाऱ्याचीच सुटते."

आईचा चेहरा असा उजळला की विचारू नका. आजवर तिच्या दुधीत लोकांनी चुका काढल्या होत्या, आमटीत काढल्या होत्या. वाचण्यात चूक काढायची वेळ कुणावर आली नव्हती. "कुठली गो?" तिने विचारलं, ग्रंथ पुन्हा उघडला, पान मागे घेतलं, बोट खाली खाली नेलं आणि ती ओळ शोधून सावकाश वाचली. लोकांनी तिला तीनदा साधू म्हटलं.

टेकडी चढून घरी येताना ती माझा हात धरून चालत होती. वर चंद्र स्वच्छ होता आणि पाऊस संपल्याने पायऱ्या कोरड्या होत्या.

"नंदा, आणखी कुठं सुटली का गो?"

"नाय."

"नीट आठव."

"खरंच नाय, आई. एकच."

ती पुढच्या पायऱ्या सावकाश चढली. मला वाटतं, तिला थोडं वाईटच वाटलं.